बत्तिसावं पान

"पेशंट तुमची कोण?" मलकापूरच्या त्या खासगी दवाखान्यातल्या कारकुनानं विचारलं.

"सून."

"मग पोराले पाठवा ना. तुम्ही काऊन आल्या?"

"पोरगा खचला. मी हाय ना," रुखमाबाई म्हणाली आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

वरवट बकालला तिचा दीड एकर भाजीपाला. बाजारात वांगी-मिरची विकताना ती गिऱ्हाईकाला काटा वाकून पाहू द्यायची. दुसऱ्याचा काटाही तसाच पाहायची. सून काजल पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी गुरुवारी आपल्या पायांनी चालत आत गेली होती. शुक्रवारी तिचं पोट फुगलं, ताप चढला. रुखमाबाईला जिन्याखालच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. वरून काजलच्या हाका ऐकू येत होत्या, पण तिला कोणी वर सोडलं नाही. शनिवारी सकाळी सांगितलं, हृदय बंद पडलं.

चौथ्या खेपेला काजलच्या फाईलची नक्कल हाती आली. एकतीस पानं, प्रत्येकावर शिक्का. गावातल्या निवृत्त नर्स संजीवनीताईंनी ती ओसरीवर बसून वाचली.

"शुक्रवारभर एकच लिहिलं हाय. पेशंट शांत झोपली आहे."

"खोटं हाय ते."

"खोटं हाय. पण कागदावर हाय."

रुखमाबाईनं बुलढाण्याला तक्रार केली. चौकशी समिती नेमली गेली, दवाखान्याला नोटीस गेली, आणि त्यांनी फाईलची नक्कल पुन्हा दिली. या खेपेला पानं बत्तीस निघाली.

सगळी फाईल इंग्रजीत, हे शेवटचं पान तेवढं मराठीत. ठसठशीत अक्षर, दवाखान्याचा शिक्का, खाली सही नाही. 'पोट दगडासारखं. दुखतं म्हणते. डॉक्टरांना कळवलं. आले नाहीत.' तारीख सोमवारची.

संजीवनीताईंनी तारखेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "सोमवारी तं आपण तिची राख सावडून आलो होतो."

गोकुळनं, काजलच्या नवऱ्यानं, पान हातातसुद्धा घेतलं नाही. "आई, हे काढून टाक. लोक आपल्यालेच खोटं म्हणतीन."

"आपण लिहिलं का ते? त्यायच्या घरून आलं. मी नाही काढणार."

समितीसमोर मूळ फाईल सीलबंद आली. बुलढाण्याच्या कचेरीत, भर सकाळी, सगळ्यांच्या देखत सील फोडलं. डॉक्टर म्हणाले की, बत्तिसावं पान कोणीतरी घुसडलं आहे. दवाखान्यातल्या एकूण एक नर्सचं अक्षर ताडून पाहिलं, कुणाचंच जुळत नाही. अध्यक्ष मान डोलवत पानं उलटत होते. शेवटाला येऊन ते थांबले.

"ही तेहेतीस आहेत."

त्यांनी शेवटचं पान उजेडाकडे धरलं.

"यावर आजची तारीख आहे," ते म्हणाले. मग हळू आवाजात त्यांनी वाचलं, "'सासूबाई आल्या आहेत. त्यांना आत बसू द्यावं. शुक्रवारी डॉक्टरांना तीनदा फोन केला होता.'"

"तीनदा नाही," डॉक्टर म्हणाले. "दोनदाच आला होता."

बोलून गेल्यावर त्यांनी टेबलाची कड धरली. छताचा पंखा तेवढा फिरत होता.

रुखमाबाई उभी राहिली. पदर खोचला.

"लिहून घ्या साहेब. दोनदाच लिहा. मले चालते."

महिन्यानं निकाल टपालानं आला. हलगर्जीपणा झाला, असं समितीनं लिहून दिलं होतं. रुखमाबाईनं ते वाक्य गोकुळला मोठ्यानं वाचायला लावलं; एकदा झाल्यावर पुन्हा एकदा. त्यानं वाचलं, आणि त्या शनिवारनंतर पहिल्यांदा तो रडला.

निकालाला फाईलची नक्कल जोडलेली होती. रुखमाबाईनं शेवटचं पान काढलं. चौतिसावं.

पाकिटावर टपालाचा शिक्का चार दिवसांपूर्वीचा होता. पानावर तारीख आजची. वेळ दुपारी चार.

'ताप उतरला. रुग्णाला घरी सोडलं. सोबत कोणी नाही.'

भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच झाले होते. तिनं चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघाली?" गोकुळनं विचारलं.

"स्टँडवर."

मलकापूरहून येणारी सहाची गाडी आली. शाळेची पोरं उतरली. दोन म्हातारे उतरले. पिशव्या उतरल्या.

दार मोकळं झालं.

कंडक्टरनं घंटी मारली नाही. रिकाम्या पायरीकडे पाहत त्यानं एक हात आधाराला पुढं केला.

"सावकाश उतरा, ताई," तो म्हणाला.