आर्विडची लाल खुंटी

बंद कर, ब्रॉक. बंद कर ते इंजिन. कळलं मला. ट्रक पळताना झकास पळतो आणि उभा केला की लटलटतो, असंच ना? मॅनिफोल्डचं गॅस्केट तूच बदललंस, व्हिडिओ बघून. आता कुणाला दाखवायची लाज वाटते, म्हणून अंधार पडल्यावर काकाच्या शेडमध्ये घेऊन आलास. असू दे. उद्या उजेडात बघू. हेली, ते दार ओढून घे पोरी, वारं येतंय. बसा दोघं हीटरजवळ.

हे इंजिन ऐकलं आणि मला डॅरेल फॉगल आठवला. आता हसू नका. भूतबीत मी मानत नाही. चाळीस वर्षं त्या धान्याच्या कोठारात काढली, रात्री-अपरात्री एकटा असायचो, उंदराशिवाय कधी काही दिसलं नाही. पण डॅरेलने हे मला याच शेडमध्ये सांगितलं. तू बसलायस ना ब्रॉक, त्याच बादलीवर बसून.

जानेवारीची सतरा तारीख होती, मंगळवार. रात्रीचे साडेनऊ. डॅरेल गावातून घरी चालला होता. काम काय, तर चर्चचं कॉफीचं मोठं भांडं परत द्यायचं. आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला नेलेलं. चर्चच्या मार्जोरीबाईंनी दोनदा फोन करून आठवण केली, तेव्हा स्वारी उठली. भांडं दिलं, चार शब्द ऐकून घेतले आणि निघाला. बाहेर उणे तीस. आभाळ मात्र स्वच्छ.

त्याचा तो जुना निळा पिकअप ट्रक तुम्ही पाहिलाय. हिवाळ्याआधी त्याने तो स्वतः खोलला होता. कार्बोरेटर काढला, मॅनिफोल्ड काढला, मागच्या बाजूचा एक जुना डबा ‘याचा काय उपयोग’ म्हणून भंगारात फेकला, आणि सगळं परत जोडलं. गावभर सांगत सुटला, मेकॅनिकला दमडी दिली नाही म्हणून. आणि ट्रक पळायचा हो! पण उभा केला की थरथरायला लागायचा, आचके द्यायचा आणि बंद पडायचा. पडला की अर्धा तास चालू व्हायचा नाही. डॅरेलने प्लग बदलले, वायरींचा क्रम तपासला, स्क्रू फिरवून पाहिले, एकेक पाइप पकडीने दाबून पाहिला. काही सापडेना. मग तो एका पायाने ब्रेक आणि दुसऱ्याने रेस धरून ट्रक चालवायला लागला. चौकात थांबायची वेळ आली तर न थांबताच सटकायचा.

आणि आर्विड स्टेनर्सन. तुम्ही लहान होता, तुम्हाला नीट आठवत नसेल. पंचाहत्तरीचा म्हातारा, मेकॅनिक, आणि तोंडाचा महाफटकळ. कॅफेत खिडकीशी बसायचा आणि रस्त्यावरून गेलेल्या गाडीचं दुखणं नुसत्या आवाजावरून सांगायचा. सांगायचा म्हणजे ओरडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. जन्मात कधी गोल्फ खेळला नाही, पण शर्टाच्या खिशात कायम गोल्फच्या लाकडी खुंट्या. चेंडूखाली रोवतात ना, त्या. इंजिनातला एखादा पाइप हवा ओढतोय का बघायचं, की त्याच्या तोंडात खुंटी ठोसायची. काळ्या इंजिनात विसरून राहू नये म्हणून त्या खुंट्यांना त्याने घरीच लाल रंग दिलेला, गुरांच्या गोठ्याला लावतो तो. अशा खुंट्या दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या.

नोव्हेंबरात एकदा डॅरेल कॅफेसमोर ट्रक लावायला आला. आर्विडने हात वर केला.

“ऐका रे,” म्हणाला, “फॉगलचा ट्रक कुडकुडतोय. स्वेटर घाला कुणीतरी त्याला.”

आम्ही हसून हसून लोळलो. डॅरेल आत आला तेव्हाही हसतच होतो. आर्विड त्याला म्हणाला, “हवा ओढतोय तो. कुठला तरी पाइप उघडा सोडलायस तू. आण संध्याकाळी, पाच मिनिटांचं काम आहे.”

“माझ्या हातांनी जोडलाय मी. काही उघडं नाही.”

“मग नाचतोय कशाला? घरात लग्न आहे का कुणाचं?”

परत हशा. सगळ्यात मोठ्याने मी. डॅरेल लालबुंद झाला. “म्हाताऱ्या,” म्हणाला, “ज्या दिवशी तुझी गरज पडेल ना, त्या दिवशी मी चालत घरी जाईन.”

“जा की,” आर्विड म्हणाला. “बूट तेवढे चांगले घाल.”

त्या दिवसापासून डॅरेल कॅफेवरून जाईना. रेल्वेच्या रुळांमागून जायचा, वळसा घालून. का, तर त्या म्हाताऱ्याच्या कानावर इंजिनाचा आवाज पडू नये. चांगला पंचेचाळीस वर्षांचा बाप्या हा!

तर त्या रात्री. गाव मागे पडलं. ओढ्यावरच्या पुलाच्या थोडं पुढे त्याला रस्त्याच्या कडेला टॉर्च हलताना दिसला. वर-खाली, वर-खाली. जवळ आला तर आर्विडची गाडी. बॉनेट वर. इंजिनाचा पट्टा तुटला होता तिच्या, हे नंतर कळलं. आणि आर्विड रस्त्यावर उभा.

आता थंडीत बॉनेट वर केलेली गाडी दिसली की आपल्याकडे थांबायचं. भांडण असो नाहीतर वैर. हे कुणी कुणाला शिकवत नाही.

डॅरेलनेही रेसवरून पाय काढला. तसं इंजिन लटलटायला लागलं. आचके द्यायला लागलं. आणि त्याच्या मनात आलं... इथे थांबलो की हा बंद पडणार. याच्यासमोर. याच्या कानाशी. उद्या सकाळी कॅफेत हाच विषय. म्हातारा काचेतून त्याच्याकडे बघतोय, हसतोयसुद्धा, आला बाबा एकदाचा म्हणून. आणि डॅरेलने काय केलं माहितीये?

स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली. आपण येता-जाता करतो ना, ‘काय, बरं आहे ना?’ तशी. दोन बोटं उचलली, रेस दिली आणि निघून गेला.

त्या भागात फोनला रेंज नाही. पण घरी होती. फोन हातात घेऊन तो स्वयंपाकघरात उभा राहिला. कुणाला कळवावं, तर पहिला प्रश्न येणार, तू का नाही थांबलास? एव्हाना कुणीतरी थांबलं असेल, असं म्हणून त्याने फोन ठेवला. आणि झोपला.

सकाळी बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्याला आर्विड सापडला. रस्त्यावरच. तो डॅरेलच्या घराच्या दिशेने चालत निघाला होता. जवळचा दिवा तोच होता ना.

शवपेटीला खांदा द्यायला सहा जण होतो, त्यात डॅरेल. झाकण लावण्याआधी मी स्वतः आर्विडच्या लाल खुंट्या, घरात होत्या तेवढ्या सगळ्या, त्याच्या कोटाच्या खिशात ठेवल्या. मग चर्चच्या तळघरात जेवण. मार्जोरीबाईंनी कॉफी मांडली, त्याच भांड्यात. डॅरेलने पेला भरून घेतला. धरून बसला. गार झाला तरी बसलेलाच. मला वाटलं, बघा, तोंडाने भांडत होता पण जीव होता म्हाताऱ्यावर.

कुणाला काही बोलला नाही तो. बायकोलाही नाही. फक्त तो रस्ता सोडला. उत्तरेकडच्या रस्त्याने लांबून जायला लागला.

मग फेब्रुवारीचा शेवटचा शुक्रवार. रात्रीचा दीड. त्याची बायको कॉनी वृद्धाश्रमात रात्रपाळीला, चांगली गाडी तिच्याकडे. घरात डॅरेल आणि टेसा. आठ वर्षांची पोर, दम्याची. ती उठली ती छाती धरूनच. फवारा मारला, दोनदा मारला, तो संपला. ओठ निळसर दिसायला लागले. फोन केला, तर गावातली एकुलती एक ॲम्ब्युलन्स दुसरीकडे अपघातावर गेलेली. म्हणाले, तुम्ही निघा, दवाखान्यात कळवतो. उत्तरेकडचा रस्ता बर्फाने बंद. पोरीला रजईत गुंडाळून त्याने ट्रकमध्ये घातलं आणि निघाला. त्याच रस्त्याने.

गाडी पळत होती. पोर शेजारी श्वासासाठी धडपडत होती. पुढे पूल दिसायला लागला...

“बाबा... कुणीतरी... टॉर्च...”

त्यानेही पाहिला होता.

वर-खाली. वर-खाली.

आता बघा हं. या वेळी न थांबायला खरं कारण होतं. कुणी नाव ठेवलं नसतं. थांबला तर ट्रक बंद पडणार, आणि पडला तर पोर... मी त्याला विचारलं, मग का थांबलास? तर म्हणाला, “गॉर्ड, मी नाही ठरवलं. पायानेच ठरवलं. दुसऱ्यांदा नाही जमलं मला.”

त्याने ब्रेक दाबला.

ट्रक थरथरला. आचके दिले. बंद.

टॉर्च विझला.

समोर कुणी नाही. गाडी नाही. नुसता रस्ता, आणि बर्फ.

किल्ली फिरवली. नाही. परत फिरवली. नाही. फोन पाहिला, रेंज नाही. शेजारी पोरीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज. त्याला वाटलं, हिशेब घेतला म्हाताऱ्याने. माझ्याकडून नाही घेतला... हिच्याकडून घेतोय.

तो खाली उतरला. बॉनेट उघडलं. टॉर्च हातातून निसटून बर्फात पडला आणि विझला. अंधारात तो इंजिनावर वाकून उभा. काय करायचं, कळत नाही.

बर्फ करकरला.

पलीकडच्या बाजूला. एक पाऊल.

मग आणखी एक.

थांबलं. बॉनेटच्या पलीकडे. हाताच्या अंतरावर.

डॅरेलने मान वर केली नाही. म्हणाला, “आर्विड...” मग परत, “आर्विड, मला... पोरीला नको... मला...”

पलीकडे कुणीतरी घसा खाकरला. कॅफेत खाकरायचा तसा.

“सुरू कर.”

एवढंच.

डॅरेल आत जाऊन बसला. किल्ली फिरवली. इंजिन लागलं. तसंच, लटलटत, मरायला टेकल्यासारखं. बॉनेट वर, काचेतून पुढचं काही दिसत नाही. आतून सुं-सुं आवाज येतोय, हवा ओढल्याचा. आता बंद पडणार... आता...

सुं-सुं थांबलं.

थरथर थांबली. ट्रक उभ्या जागी शांत घुमायला लागला. डॅरेल सांगत होता, नवा असतानाही तो असा चालला नसेल.

टेसा बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होती.

“बाबा... त्या आजोबांना... आत घ्या ना.” श्वास घेऊन म्हणाली, “त्यांच्या हातात मोजे नाहीत.”

डॅरेल धावत उतरला. पलीकडे गेला.

कुणी नाही.

बर्फात पावलं फक्त त्याची.

“आर्विड,” तो अंधारात म्हणाला, “बसा. आत बसा ना... मी सोडतो तुम्हाला. घरी सोडतो...”

...

वारासुद्धा नव्हता.

त्याने बॉनेट लावलं आणि निघाला. थोडं पुढे गेल्यावर मागच्या काचेला नाक लावून बसलेली टेसा म्हणाली, “बाबा, त्यांनी दोन बोटं वर केली.”

डॅरेल मला म्हणाला, म्हाताऱ्याने मला शिव्या दिल्या असत्या ना गॉर्ड, दोन थोबाडीत मारल्या असत्या, तर मी सुखाने जगलो असतो.

पोर वाचली. सकाळी कॉनी तिच्यापाशी आली तेव्हा मास्क लावून शांत झोपलेली. डॅरेल तिथून निघाला तो थेट कॅफेत. सकाळची सगळी मंडळी होती. तो बसला नाही, टोपी हातात धरून उभ्यानेच त्याने सतरा तारखेची रात्र सांगितली. दोन बोटांसकट. कुणी हसलं नाही. कुणी त्याच्याकडे बघूही शकलं नाही. मी तर नाहीच. नोव्हेंबरात सगळ्यात मोठ्याने कोण हसलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, पोरांनो.

मग तो माझ्याबरोबर इथे आला. आदल्या रात्रीचं त्याने मला एकट्याला सांगितलं. म्हणाला, “बॉनेट तू उघड. माझ्याने होत नाही.”

मी उघडलं. दवाखान्यापासून चाळीस मैल पळून आलेलं इंजिन, हात लावला तर चटका बसत होता. मी फेंडरवर पालथा पडलो आणि टॉर्च आणि आरसा मागे धरला, जिथे आरशाशिवाय दिसत नाही तिथे. फेकलेल्या डब्याचा पाइप तिथे लोंबत होता, बोटभर लांबीचा. डॅरेल नोव्हेंबरपासून तोच शोधत होता.

पाइपाच्या तोंडात खुंटी बसवलेली होती. लाल.

ती आम्ही काढली नाही. अजून आहे तिथेच. ट्रकही चालतो. गेल्या उन्हाळ्यात गवत कापायचं चाललं होतं, दिवसभर ट्रक उन्हात, इंजिन नुसतं तापलेलं. डॅरेल पाणी प्यायला घरात गेला तेव्हा मी हळूच हात मागे घातला आणि त्या खुंटीला बोट लावलं.

बोट चिकटलं. बर्फाला चिकटतं तसं. सोडवलं तेव्हा कातडी निघाली.

जुलै महिना होता.