बेचाळीस कोरल

ओहोटी लागली तशी वैजयंती बंधाऱ्यावर येऊन बसली. खाडीतल्या खांबावरच्या पक्षिगणकाने सकाळचा आकडा फोनवर पाठवला होता : कुरव एकशे दहा, चिखल्या साठ, कोरल बेचाळीस.

"काय गो, यंत्र काय म्हणता?" होडी ओढता ओढता तांडेलकाकांनी विचारलं.

"बेचाळीस कोरल."

काकांनी कपाळावर हात धरून चिखल न्याहाळला. "माका एक दिसाक नाय. मोतीबिंदू माका झालो की त्या खांबाक?"

तिने दुर्बीण डोळ्यांना लावली. दूरवर करड्या चिखलाची ढेकळं होती. वाकड्या चोचीचा एकही कोरल नव्हता. पलीकडे ड्रेजर घरघरत गाळ उपसत होता.

गणकाला दूरचे ठिपके ओळखायला शिकवलं होतं ते तिच्या वडिलांच्या, मयेकर गुरुजींच्या वह्यांवरून. खांबावरचा कॅमेरा पाच वर्षांचा. रोजचं छायाचित्र आणि त्या दिवसाची वहीतली नोंद यांची जोडी लावून दिली, की कोणत्या ठिपक्याला पक्षी म्हणायचं हे यंत्र आपलं आपण शिके. गुरुजींच्या एकतीस वर्षांच्या नोंदीत चूक सापडली नव्हती, म्हणून त्यांचीच वही निवडली होती.

घरी येऊन तिने शेवटची वही उघडली. मागच्या हिवाळ्यात बाबा अंथरुणाला खिळले होते. तीच बंधाऱ्यावर जाऊन येई.

"किती?"

"बेचाळीस, बाबा."

"तो लंगडा?"

"आहे ना. सगळ्यांत मागे."

बाबांचा चेहरा उजळे. ते आकडा लिहीत आणि समासात बारीक 'वै.' घालत. ज्याने पाहिलं त्याचं आद्याक्षर, हा त्यांचा शिरस्ता. हिवाळाभर समासात 'वै.' होतं. वही यंत्रात भरताना समास कुणी घेतलाच नव्हता.

रिकाम्या चिखलाची नव्वद छायाचित्रं. प्रत्येकासमोर तिने बाबांना दिलेला दिलासा. यंत्र तोच शिकलं होतं.

दुपारी वनखात्याच्या गद्रेमॅडमचा फोन आला. "आकडे अगदी स्थिर आहेत हो. ड्रेजरचा पक्ष्यांना त्रास नाही, हे सिद्धच झालं. ड्रेजरच्या मुदतवाढीच्या कागदावर गुरुजींची वारस म्हणून तुमची सही हवी."

"मॅडम, मागच्या हिवाळ्याच्या नोंदी खोट्या आहेत."

"म्हणजे?"

"खाडीवर काहीच नव्हतं. बाबा जगावेत म्हणून मी सांगत होते."

पलीकडचा आवाज थोडा मऊ झाला. "ताई, हे लेखी दिलंत तर अख्खी वही बाद होईल. एकतीसही वर्षं. इथे कधी पक्षी होते याला दुसरा पुरावा नाही. ड्रेजरवाल्या कंपनीचा वकील तेच म्हणेल, मुळात नव्हतेच. विचार करा."

वैजयंतीने वहीचं कोरं पान काढलं. तारीख घातली. कोरल : शून्य. समासात 'वै.' लिहिलं, छायाचित्र काढून पाठवलं.

थोड्या वेळाने मॅडमचा पुन्हा फोन आला.

"मिळालं. पण आता मलाही सगळे हेच विचारणार, म्हणून विचारते. त्याआधीचे तरी होते ना?"

उघड्या खिडकीतून ड्रेजरची घरघर येत होती. वैजयंतीने डोळे मिटून तो लंगडा कोरल आठवून पाहिला. तो तिने स्वतः कधी पाहिला होता, की बाबांच्या तोंडून नुसता ऐकला होता?