गारेगार कार्डाचा छडा

"अजून नऊ तास!" फिल्म तयार व्हायला किती वेळ लागेल, तो पडद्यावरचा आकडा चिमणीने वाचला आणि आत्याने कपाळाला हात लावला.

दुपारचे बारा वाजले होते. संध्याकाळी सहाला शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या निरोप समारंभात आत्याने जोडलेली फिल्म दाखवायची होती. नोकरी सोडून स्टुडिओ काढल्यावरचं तिचं हे पहिलंच मोठं काम. ते फसलं तर जुन्या साहेबांकडे मुकाट्याने परत जाईन, असं ती सकाळीच म्हणाली होती. सुट्टीला आलेल्या तिन्ही भाच्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

अकरा वर्षांच्या चिमणीला मात्र एक गोष्ट सारखी खटकत होती. कालच कॉम्प्युटरवाल्या काकांनी चित्रांचं जड काम झटपट करणारं नवंकोरं ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं. आता सुसाट पळेल, असं छातीठोक सांगून ते गेले होते. मग हा कॉम्प्युटर गोगलगायीसारखा का सरकतोय? काकांना फोन केला, तर फिल्मच जड असेल म्हणाले.

चिमणीने कॉम्प्युटरच्या मागे हात धरला. प्रोसेसरकडच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूकडच्या, जाळीतून गरम वारा येत होता, पण कार्डाकडची जाळी गारेगार.

"दादा, एकजण घाम गाळतोय आणि दुसरा ढाराढूर झोपलाय!"

दादाने टॉर्च मारला. कार्डाच्या सॉकेटांवरची प्लास्टिकची टोपणंसुद्धा निघाली नव्हती. काकांनी सवयीने पडद्याची वायर जुन्याच जागी खोचली होती!

वायर बदलायची, तर चालू काम थांबवावं लागणार होतं. आत्या कचरली. "तुमचं चुकलं तर?"

"नऊचे दहा तास होतील. तशीही सहाला फिल्म मिळत नाहीये," चिमणी म्हणाली.

आत्याने मन घट्ट करून काम थांबवलं. वायर बदलली, तरी वेग तोच. मग धाकट्या ढोल्याने सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज धुंडाळल्या. फिल्म बनवायचं काम तिथे अजून प्रोसेसरच्याच गळ्यात होतं. त्याने कार्ड निवडलं आणि पंखा घरघरला.

पडद्यावर नवा आकडा आला: चाळीस मिनिटं! कार्डातले हजारो छोटे हात एकदम कामाला भिडले होते. चिमणी आ वासून बघत राहिली.

फोन करताच काका धावत आले आणि त्यांनी स्वतःचे कान पकडले. "मी नुसता पडदा बघितला, पोरीने हात लावून बघितला," ते मोकळेपणाने म्हणाले.

सहाला सभागृहात टाळ्या थांबेनात. तिथूनच आत्याने जुन्या साहेबांना फोन लावला. "साहेब, मी काही परत येत नाही. माझ्याकडे माणसं फार चांगली आहेत."