कादिरचा नाका

भुताची गोष्ट हवी ना? मग शर्विल, तो मोबाइल आधी खिशात घाल. नूपुर, तूही ऐक, आणि मध्येच ‘काका, सीरियसली?’ म्हणायचं नाही. हरिहरकाका थापा मारतो असं तुमची आई म्हणते, म्हणू दे. ही थाप नाही. सुबोधच्या बाबतीत झालंय हे. आमच्या कंपनीतला सर्व्हेयर, नाशिकचा. त्यानं स्वतः मला सांगितलंय, रियाधच्या याच गच्चीवर बसून.

दोन वर्षांपूर्वीची धनत्रयोदशी. शुक्रवार होता. उत्तरेला हाइल शहराकडे नवा रस्ता चालला होता, त्यात एक जुनी, उजाड वस्ती येत होती. सुबोधला काम काय, तर जागा मोकळी आहे का ते बघायचं, किरकोळ काही असेल ते हलवायचं आणि शनिवारी सकाळी साहेबाला कळवायचं. बस्स. पण साहेबानं निघताना बजावलं होतं, ‘काम अडलं तर तुझा इकामा रिन्यू होणार नाही.’ इकामा गेला म्हणजे इथं राहायचा परवानाच गेला. आणि सुबोधची अनुष्का तेव्हा दहावीत. अर्ध्या वर्षातून पोरीला उचलून नाशिकला न्यायचं? बाप होता तो. जीव टांगणीला लागला होता त्याचा.

त्या वस्तीला आपले ड्रायव्हर लोक कादिरचा नाका म्हणत. पन्नास वर्षांपूर्वी तिथं वाळूतल्या दोन वाटा एकमेकींना छेदायच्या, बाकी औषधालाही झाड नाही. दापोलीकडचा कादिर तिथं एक तंबू, पाण्याचं पिंप आणि पंक्चर काढायचं सामान घेऊन बसला. ट्रक थांबायला लागले. मग चहा आला, बेकरी आली, मशीद आली. गावाकडची माणसं बोलावून घेतली त्यानं. चाळीसेक दुकानं झाली. आणि नावावर काय? कप्पाळ! परदेशी माणसाच्या नावावर काय होणार होतं? सगळं कफीलचं, ज्या इथल्या माणसाच्या जामिनावर व्हिसा मिळतो त्याचं. पुढे हमरस्ता दुसरीकडून गेला, गिऱ्हाईक तुटलं. कफील म्हणाला, खलास, निघा आता. बाकीचे निघाले, कादिर हलला नाही. तिथंच मेला. आता जवळच्या पेट्रोलपंपावर वस्तीचा इतिहास लावलाय, चांगला संगमरवरावर कोरून. संस्थापक म्हणून नाव कफीलच्या बापाचं! तो म्हातारा तिथं एक रात्र तरी झोपला होता का? मरू दे. माझं डोकं फिरतं.

तर सुबोधला मशिदीच्या मागं दगड दिसले. साधे, वीतभर वर आलेले, जोडीजोडीनं. नाव नाही, चुना नाही. शेताच्या बांधावर वाढलेला माणूस, त्याला वाटलं दुकानांच्या हद्दीचे दगड असतील. आपल्याकडे कबर म्हटलं की बांधलेला चौथरा डोळ्यांपुढं येतो. इथं तसं नसतं, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही. मशीन चालवणारा मुस्तफा असता तर त्यानं हात धरला असता. पण शुक्रवार, मुस्तफा नमाजाला गेलेला. सुबोधनं सोबतच्या दोन नेपाळी मजुरांकडून सगळे दगड उपटून घेतले आणि ट्रकमध्ये भरून दिले पाठवून.

संध्याकाळी मजूर गेले. हा शेवटची मापं घेत एकटाच थांबला. अंधार पडला. सामान आवरून वळतो, तर मशिदीच्या ओट्यावर एक म्हातारा, पाय खाली सोडून बसलेला. लुंगी, बंडी.

‘मराठी का तुम्ही?’ म्हाताऱ्यानं विचारलं.

सुबोधला उलट बरं वाटलं. अशा ओसाडीत मराठी! ‘हो चाचा, नाशिकचा. तुम्ही?’

‘दापोलीकडचा. ही वस्ती मी बसवली.’

‘अस्सं?’

‘इथले दगड कुठं गेले?’

‘ते हद्दीचे? काढले चाचा. रस्ता होतोय ना.’

म्हाताऱ्यानं मशिदीमागच्या खळग्यांकडं बघितलं.



‘हद्दीचे नव्हते ते, बाबा. एक डोक्याशी असतो... एक पायाशी.’

सुबोधनं विचारलं, ‘कुणाच्या?’

‘आमच्या.’

वारा नव्हता. तरी वाळू हलत होती. म्हाताऱ्याच्या पायापाशी. सुबोधनं खाली बघितलं. पाय घोट्यापर्यंत वाळूत... मग गुडघ्यापर्यंत... नूपुर, जवळ सरक हवं तर.

‘अंगावरून गाड्या नको रे घालू. कुणाला तरी सांग. उचलून नीट दुसरीकडं ठेवतील आम्हाला. एवढं करशील?’

‘करतो. आईशप्पथ करतो.’

ओटा रिकामा होता.

आणि शनिवारी सकाळी या पठ्ठ्यानं साहेबाला काय कळवलं? जागा मोकळी आहे! खरं सांगितलं असतं तर काम थांबलं असतं, कबरी रीतसर हलवल्या असत्या. पण इकामा गेला असता. मी त्याला नाही नाही त्या शिव्या घातल्या. तो मान खाली घालून म्हणाला, ‘हरिहरदादा, तुमची पोरगी दहावीत असती तर?’ ज्यानं वस्ती उभी केली त्याला जिवंतपणी जागा मिळाली नाही, मेल्यावरची होती तीही आपल्याच माणसानं घालवली.

इकामा झाला रिन्यू. अनुष्का पास झाली, पेढे वाटले. सुबोध ठणठणीत आहे. परवाच भेटला, वजन वाढलंय म्हणत होता.

रस्ताही झाला. कामासाठी माझं तिकडून जाणं-येणं असतं. मशिदीमागची ती जागा आली की गाडी हळू करावी लागते, डांबर खचतं तिथं. बुजवतात, पुन्हा खचतं. माणसाच्या लांबीचे खड्डे, रस्त्याला आडवे, इथल्या कबरी असतात तसे, एकापुढं एक. खालची भरणी नीट झाली नाही म्हणतात. असेल.

पण यंदा एक नवा पडलाय. थोडा बाजूला. तो आडवा नाही... रस्त्याच्या लांबीनं आहे. आणि रस्ता तिथं उत्तर-दक्षिण जातो. एका टोकाला रुंद, खांदे असावेत तसा. दुसरीकडं निमुळता. निमुळतं टोक दक्षिणेला.

दक्षिणेला पाय करून आपल्या हिंदूंत कुणाला निजवतात...

सुबोधला मी काही बोललो नाही. अजून तो खड्डा फारसा खोल नाही.