तुलनेचे रोप

शलाका बोंद्रे हिने प्रयोगशाळेचे दार पायानेच ढकलले आणि हातातली फांदी डॉ. वैरागडे यांच्या टेबलावर आपटली. फांदीला पिवळसर तुरे आले होते.

"शीतवेलीला फूल येत नाही, असं तुम्ही सांगितलं होतं."

"इतकी वर्षं आलं नव्हतं," वैरागडे शांतपणे म्हणाले.

"आता नागपुरातल्या प्रत्येक गच्चीवर आलंय, सर! एकाच आठवड्यात. आणि फुललेल्या वेलीची पानं गळून राहिली आहेत."

शीतवेल याच प्रयोगशाळेत घडली होती. रात्री पाणी साठवायचे आणि भर दुपारी ते पानांवाटे वाफ करून सोडायचे, एवढेच ती करी. पण गच्चीवर तिचा मांडव असला की खालची खोली निवत असे. वेलीची जनुकरचना वैरागड्यांची. शलाकाचे काम फक्त पानांपुरते. पहिले रोप तिनेच आपल्या परसबाग मंडळात नेले. मग रिवाजाप्रमाणे एकाने दुसऱ्याला फांदी दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि वेल शहरभर झाली. उन्हाळ्यात दुपारी वीज नसे. शलाकाचे अंथरुणाला खिळलेले वडील वरच्या मजल्यावर त्या वेलीच्याच आधाराने तग धरून होते.

"बांबू पाहिलाय ना?" वैरागडे म्हणाले. "वर्षानुवर्षं नुसता वाढतो, एकदाच फुलतो आणि मरतो. एका बेटातला कंद कुठंही नेऊन लावा, तो मूळ बेटाबरोबरच फुलतो. कारण तो नवा जीव नाहीच. जुन्याच जीवाचा तुकडा आहे, वयासकट. तसं वयघड्याळ आम्ही वेलीत बसवलं. फांदी तोडून लावली तरी ते चालूच राहतं. पुन्हा शून्यावर येतं ते फक्त बियांमधून, आणि हिचं बी रुजत नाही."

"म्हणजे सगळ्या मरणार."

"मे महिन्यात. तेव्हा कंपनीची नवी रोपं बाजारात येतील."

"मे महिन्यात आमचा स्लॅब भट्टीसारखा तापतो, ठाऊक आहे तुम्हाला? मग आधी फुकट वाटू कशाला दिलीत?"

"तुमचं मंडळ वाटतं, म्हणूनच. सवय लागल्याशिवाय विकत कोण घेईल?"

शलाकाची कानशिले तापली. "आमच्या मैत्रीला दलाल केलंत तुम्ही! घड्याळ नसलेली एकही वेल नाही?"

"एक होती. तुलनेसाठी, दाराजवळच्या पांढऱ्या कुंडीत. काम संपलं, जाळून टाकली."

पांढरी कुंडी. शलाका फांदी टेबलावरच सोडून बाहेर पडली.

गेल्या वर्षी तिने मंडळाला प्रयोगशाळा दाखवायला आणले होते. नंतर त्याच कुंडीतली एक फांदी मोडलेली दिसली होती. मंडळातल्या कुंदामावशी मोटघरे यांनी हसत कबूल केले होते, "मागून आणलेलं रोप जगत नाही, पोरी. चोरून आणलेलंच जगते." सगळे हसले होते. शलाका हसली नव्हती. "मी विज्ञान शिकलेय, मावशी. चोरीला चोरीच म्हणते. आणि करणारीला चोरटी." मंडळासमोर म्हणाली होती. मावशी पुन्हा मंडळात आल्या नव्हत्या.

संध्याकाळी शलाकाला दार उघडताच मावशी म्हणाल्या, "या, सायबीणबाई. झडती घ्याले आल्या का?"

त्यांच्या गच्चीवरची वेल हिरवीगार होती. तिला एकही तुरा नव्हता. शलाकाने घड्याळाचे सगळे सांगितले. मावशींनी मधे एकदाही तिला अडवले नाही.

"म्हणजे तुम्ही वाटलं ते मरून राहिलं, आणि मी चोरलं ते जगलं."

"चोरल्यामुळे नाही," शलाका सवयीने म्हणून गेली. "ते रोपच वेगळं होतं."

"असंन."

"मावशी, एक फांदी द्या. बाबांसाठी."

"नाही देत."

"मावशी..."

"बोंद्रेभाऊवर राग नाही माझा. तुझ्यावर आहे, अन् तो गेला नाही. वर्षभर या गच्चीत एकटी बसून राहिली मी. मंडळातला एक जण आला नाही. मागू नको. पाहिजे तर चोर."

शलाका खाली मान घालून हळूच म्हणाली, "बरं. तुम्ही आत जा ना जरा."

"काऊन? माझं घर आहे."

मावशींनी प्लास्टिकची खुर्ची ओढली, वेलीच्या अगदी समोर ठेवली आणि हाताची घडी घालून बसल्या.

शलाकाने कात्री आणली नव्हती. नखांनी देठ कुरतडावा लागला. तेवढा वेळ मावशींची नजर तिच्या बोटांवरून हलली नाही. फांदी तुटली तेव्हा शलाकाच्या डोळ्यांत पाणी होते. शरमेचे की संतापाचे, तिलाही सांगता आले नसते. तिने फांदी पर्समध्ये लपवली.

"आता मंडळाले पाठव," कुंदामावशी म्हणाल्या. "एकेकाले. मी बसूनच आहे."