सातवा नियम

ऐका गं, हसायचं नाही हं! आमची ओळख झाली एका कपामुळे… तोही मुगाएवढा!

नव्या वस्तूंचे पहिले नमुने झटपट बनवणाऱ्यांची एक संघटना आहे ना, तिथे मी तीन महिन्यांची तात्पुरती मेंबर होते. बाबांचे हात थरथरतात, चहा सांडतो. मग ते "नकोच" म्हणतात. म्हणून मला त्यांच्यासाठी दोन कानांचा, जड बुडाचा कप करायचा होता. पहिल्याच दिवशी थ्री-डी प्रिंटर उघडला, तर आत… मूग!

"मुंगी चहा पिते?" मागून आवाज. मशीन सांभाळणारा तो.

"चार इंचांचा काढला होता मी!"

"मशीनला मिलिमीटर कळतात, मॅडम."

"बाबांसाठी आहे," मी रडवेली. त्याचं हसू तिथेच थांबलं. स्टूल ओढून बसला तो… उठलाच नाही!

मग अकरा कप झाले. प्रत्येकात पाणी भरून, मुद्दाम हात थरथरवत, तो हॉलभर फिरायचा. दरवेळी शर्ट ओलाचिंब! "अजून जड हवा," म्हणत केस झटकायचा, आणि मी… कपाकडे बघतच नसायचे.

शेवटच्या दिवशी बारावा कप मशीनवर होता. कायम मेंबर व्हायला दोन अनुमोदकांच्या सह्या हव्यात, नाहीतर उद्यापासून मला मशीन बंद. एक सही सेक्रेटरी काकूंनी केली. दुसरी त्याचीच, गृहीतच धरलेलं मी!

त्याने पेन खाली ठेवलं. "मी नाही करणार."

"माझं काम आवडत नाही?"

"आवडतं."

"मग?"

"सातवा नियम वाच."

वाचला. 'अनुमोदक हा अर्जदाराचा नातेवाईक नसावा.'

"तू कुठे माझा नातेवाईक आहेस?"

"नाही ना… पण…" कान लालभडक! "आज सही केली, आणि पुढेमागे… म्हणजे तू हो म्हणालीस तर… काकू फॉर्म रद्द करतील."

"करणारच!" काकूंनी मान वर न करताच फॉर्म ओढला. "दुसरी सही आपल्या साचे बनवणाऱ्या मेंबर आजोबांची घेते. आणि तू गं, उत्तर दे पटकन. जेवायचंय मला!"

तेवढ्यात मशीनने पीप केलं. बारावा कप तयार. गरम, जड, दोन कानांचा. मी तो उचलून त्याच्या हातात दिला. त्याचा हात थरथरत होता… या वेळी खराखुरा.

"रविवारी घरी घेऊन ये," मी म्हटलं. "बाबांना तूच चहा दे यातून. आणि त्या दिवशी तरी शर्ट कोरडा ठेव!"