तामियाला जायचं होतं

छत्री उलटली, म्हणून अश्विनी त्या दुकानाकडे वळली. नाहीतर पांढुर्ण्याच्या बसस्टँडवरून सौंसरची गाडी पकडून ती सरळ घरी गेली असती.

दुकान रेनकोटांचं, ताडपत्र्यांचं. गल्ल्यावर कोणी नव्हतं. बाहेर पडवीत मात्र, पन्हाळीची धार नेमकी अंगावर पडेल असा एक निळा तंबू उभा होता आणि त्यातून दोन पाय बाहेर आले होते.

"कोणी आहे का?"

"आहे ना," तंबूतून आवाज आला. "आत पाणी येते का पाहून राहिलो."

"मग... येते?"

"येऊन राहिलं."

तिला हसू आवरेना. तेवढ्यात तो बाहेर आला – केस निथळत होते, चेहऱ्यावर कोपऱ्यातून सुरू होणारं हसू. रोशन नाव त्याचं. पोळ्याच्या सुट्टीत लोक फिरायला निघतात, त्यांना तो तंबू भाड्याने द्यायचा, वर प्रवासाचा विमाही काढून द्यायचा.

"तुम्हाले कुठं जायचं?" त्याने सहज विचारलं.

तिला कुठेच जायचं नव्हतं. शाळेतल्या बाकीच्या मॅडम तामियाला जाणार होत्या, डोंगरावर तंबूत राहणार होत्या. दरवर्षीसारखं तिने आधीच 'नाही जमणार' म्हणून सांगून टाकलं होतं.

"तामियाले," ती म्हणाली. आणि आपण काय बोललो ते ऐकून तीच दचकली.

"या पावसात? तंबू ठोकता येते?"

"नाही येत. तुम्ही शिकवा."

मग ती शाळा सुटल्यावर येऊ लागली. दुकानामागच्या पटांगणात तो तिला शिकवायचा – तंबू उतारावर लावायचा नाही, भोवती चर खणायचा, दोरी भिजली की सैल पडते म्हणून पुन्हा ताणायची. गाठ मारताना तिची बोटं अडकायची. तो सोडवायला वाकायचा... आणि सोडवायला जरा जास्तच वेळ लावायचा.

"एवढी सोपी गाठ आहे अन् तुम्हालेच सुटत नाही?" ती डोळे मिचकावायची.

"सुटते ना. सोडावं वाटत नाही."

विम्याचं काम निघालं तेव्हा त्याने विचारलं, "वारस म्हणून कोणाचं नाव टाकू? माह्यं टाकू का?"

"तुम्ही कोण माझे?"

"सध्या तंबूवाला." तो खाली पाहत हसला. "बरं, जुना आजार वगैरे काही?"

पन्हाळीचं पाणी पडत होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. जन्मापासून प्रत्येकाने तिच्याकडे आधी आजार म्हणूनच पाहिलं होतं – भिजू नको, धावू नको, दमू नको. हा एकटाच तिला चिखलात खुंट्या ठोकायला लावत होता.

"काही नाही," ती म्हणाली.

सुट्टीला आठवडा उरला असताना पटांगणात आभाळ फाटलं. रोशन ओरडत होता, "चला ना पडवीत." पण तिने एकटीने, भर पावसात, तंबू उभा केला. चारही दोऱ्या ताणून ती त्याच्यापुढे उभी राहिली तेव्हा ओठ निळे पडले होते आणि डोळे नुसते चमकत होते. त्याने आपला कोरडा रुमाल तिच्या कपाळावर ठेवला. तिला वाटलं, आता मेलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी ती सौंसरच्या दवाखान्यात होती. सिकलसेल. अंगात गारठा शिरला की रक्त वाटेतच अडतं आणि हाडं ठणकतात, जशी कोणी आतून कुटावीत. तिचा फोन लागेना म्हणून रोशन शाळेत गेला होता, तिथून इकडे. सोबत त्याची आई होती, केसरबाई. एकट्या पोरीला भेटायला एकट्याने कसं जावं, म्हणून त्याने तिला आणलं होतं.

केसरबाईंनी अश्विनीचे पिवळे डोळे पाहिले आणि काही न विचारता नर्सकडून गरम पाणी मागवलं. फडकी पिळून तिच्या गुडघ्यांवर, पाठीवर ठेवली. जिथे दुखत होतं, बरोबर तिथेच.

"तुम्हाले कसं कळलं?" अश्विनीने कण्हत विचारलं.

"माह्या ऋतुजाले बी हेच होतं. याच्या बहिणीले." त्यांनी फडकं पुन्हा बुडवलं. "दहावीत होती, गेली तवा."

रोशन भिंतीकडे तोंड करून उभा होता. तो चहा आणायला गेला तेव्हा केसरबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "पोरगा तुह्यावर जीव टाकून राहिला, मले दिसते ना. तो म्हणंन तर मी तुले घरात घेईन, बाई. नाही नाही म्हणणार. पण पुन्हा असं उशाशी बसाले... माह्यात जीव नाही उरला."

पोळ्याच्या सुट्टीत मॅडम तामियाला गेल्या. अश्विनी रोशनबरोबर जामसांवलीच्या मारुतीला गेली. दर्शन झाल्यावर दोघं देवळाबाहेर झाडाखाली बसले. पाऊस भुरभुरत होता. त्याने न विचारता आपलं जॅकेट तिच्या खांद्यावर टाकलं. तोही आता तिला जपू लागला होता.

"खोटं काहून बोललीस?" तो पहिल्यांदाच तिच्याशी एकेरीत बोलला.

"तू हसून बोलत होतास माझ्याशी. ते थांबलं असतं."

"लग्न करू, अश्विनी. लेकरं नको आपल्याले, त्यांच्यात बी उतरते हे. आता गोळ्या आहेत. लोक जगतात."

"जगतात ना. कोणीतरी उशाशी बसून राहते, तवा जगतात."

"मी बसतो."

"आई पण बसतील."

"आई कबूल होईन. मी विचारतो ना तिले."

"कबूल होतीलच. म्हणूनच नाही म्हणून राहिली मी. माझ्यावर प्रेम आहे ना तुझं?"

"आहे."

"माझं पण आहे... लई आहे. आता पुढे काही नको विचारू."

त्याने विचारलं नाही. तिचा हात मात्र हातात घेतला, आणि सौंसरची गाडी येईपर्यंत दोघं तसेच बसून राहिले. गाडी आली तेव्हा तिने जॅकेट काढून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"राहू दे ना. भिजशील."

"खिडकी लावून घेईन," ती म्हणाली, आणि चढली.

जागा मिळाली ती पलीकडच्या बाजूला. तिथून तो दिसत नव्हता. गाडी सुटली तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं, "देवाले काय मागितलं, पोरी?"

"काहीच नाही सुचलं," अश्विनी म्हणाली, आणि खिडकीची काच ओढून घेतली.